अकरा टीएमसी आणि एक बादली



वसंत ऋतूचं आणि आपलं नातं जरा अवघडलेलंच आहे. कवींनी त्याला ऋतुराज म्हणून डोक्यावर घेतलं, पण हा राजा आपल्याकडे येतो तेव्हा कुणी दारात स्वागताला नसतं. मुलं परीक्षेत, नोकरदार मार्चअखेरच्या हिशेबात, गृहिणी पापड-कुरडयांत आणि नगरपालिका पाणीकपातीच्या वेळापत्रकात गुंतलेली असते. पुण्यात तर वसंत आला हे कोकिळेच्या आधी टँकरवाल्याच्या भोंग्यावरून कळतं. पाऊस कधी येणार हे आपण चार महिने विचारतो, थंडी कधी पडणार हे चौकात उभं राहून विचारतो, पण वसंत कधी येणार असं विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वसंत पाहायचा असेल तर सह्याद्रीत जावं. पावसाळ्यात तिथे सगळेच जातात, इतके की डोंगरापेक्षा गाड्याच जास्त दिसतात. चैत्रात मात्र डोंगर रिकामे असतात. गवत वाळून सोनेरी झालेलं असतं आणि त्यात मधूनच कुसुमाचं झाड नव्या पालवीनं असं लालभडक झालेलं असतं, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं त्याला फुलंच आली आहेत. अंजनीला निळी-जांभळी फुलं खोडापासून फांदीपर्यंत चिकटलेली असतात. करवंदं अजून हिरवी, पण खिशात मीठ असेल तर तक्रार नाही.

तर अशा वसंतात गेल्या वर्षी आम्ही पाच मित्र भंडारदऱ्याला गेलो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातला अकोले तालुका, तिथे प्रवरा नदीवरचं हे धरण आणि त्याच्यामागे पसरलेला आर्थर लेक. आम्ही पाचही जण साठी ओलांडलेले. कॉलेजात एका वसतिगृहात होतो, तेव्हापासूनची ओळख. नावं सांगत नाही, कारण ती मंडळी हे भाषण ऐकणार आहेत. एक इंजिनिअर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. दुसरा प्राध्यापक, मराठीचा. तिसरा बँकेत होता, चौथा वकील आणि पाचवा मी.

आता सहलीचं खरं कारण सांगतो. आमचा बँकवाला आणि आमचा वकील पुण्यात एकाच सोसायटीत राहतात. बँकवाला पहिल्या मजल्यावर, वकील चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर. बँकवाला सोसायटीचा सचिव. सकाळी तासभर पाणी सोडायचं असा त्याचा नियम. गंमत अशी की त्या तासात खालचे तीन मजले पाणी भरायचे आणि चौथ्या मजल्यावरच्या नळातून फक्त सुस्कारे यायचे. वकिलानं आधी तोंडी सांगितलं. मग चिठ्ठी दिली. आणि एके दिवशी त्यानं बँकवाल्याला रजिस्टर्ड ए.डी.नं नोटीस पाठवली. तीन मजले खाली राहणाऱ्या मित्राला! पोस्टमननं ती पहिल्या मजल्यावर दिली, सही घेतली. बँकवाल्याचं उत्तरही रजिस्टर्डनंच गेलं, तेव्हा त्याच पोस्टमनला तेच जिने चढून चौथ्या मजल्यावर जावं लागलं. त्या सोसायटीला लिफ्ट नाही, हे लक्षात घ्या.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. सव्वादोन वर्षं. जे दोघं एका खोलीत तीन वर्षं राहिले, परीक्षेच्या दिवसांत एकच स्वेटर पाळीपाळीनं घालून पहाटे उठले, ते जिन्यात समोर आले की भिंतीकडे पाहायचे. दिवाळीच्या फराळाचं ताट एकमेकांकडे जात होतं, पण ते बायका पोहोचवायच्या, गुपचूप. आम्ही बाकीच्या तिघांनी ठरवलं, या दोघांना एका गाडीत घालायचं आणि दोन रात्री कुठेतरी ठेवायचं. साठीनंतर मित्र नवे मिळत नाहीत. आहेत ते वापरावे लागतात.

दोघांनाही दुसरा येणार आहे हे माहीत होतं. दोघंही "मी तुमच्यासाठी येतोय" असं म्हणून आले.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. गाडीत वकील पुढे, बँकवाला सगळ्यात मागे. मधल्या सीटवर आम्ही तिघं, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ. वकिलानं सुरुवातच केली, "माननीय सचिवांना विचार, खिडकी थोडी उघडली तर ठरावाची गरज आहे का?" मागून उत्तर आलं, "सभासदांना सांग, थकबाकी नसेल तर उघडा." प्राध्यापकानं दोन्ही निवेदनं शब्दशः पोहोचवली. तोंडं चार फुटांवर होती, पण रीत म्हणजे रीत.

नारायणगावला चहाला थांबलो. चैत्र म्हणजे गावोगावच्या जत्रांचा मोसम, त्यामुळे तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या होत्या. गावांची पंचमंडळी येतात, राहुट्यांतून हिंडतात, भाव करतात आणि आपल्या जत्रेसाठी फडाला सुपारी देतात. प्राध्यापकाचा आग्रह होता की लोककलेच्या अभ्यासासाठी इथे निदान दोन तास थांबावं. त्याच्या बायकोनं मला आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं की नारायणगावला गाडी फक्त चहापुरती थांबेल. मी तो निरोप जाहीर केला आणि अभ्यास स्थगित झाला.

आळेफाटा, संगमनेर, अकोले करत राजूरला पोचलो. राजूरला पेढे घ्यायचे असतात, तसे घेतले. वकिलाला डॉक्टरांनी साखर बंद केलेली. तो पेढ्याच्या पुड्याकडे अशा नजरेनं पाहत होता, की पुढ्यात बसलेला अशील फी न देताच उठून चालला आहे. दुपारी शेंडीला, म्हणजे धरणाच्या गावाला पोचलो आणि तिथून पुढे चढावर एका वाडीत, जिथे आमची राहायची सोय होती.

घर कौलारू, सारवलेलं अंगण, समोर खाली पसरलेलं तळं. घरधनीण चाळिशीची असेल, पण आम्ही तिला मावशी म्हणू लागलो आणि ती आम्हाला बाबा. अंगणभर हिरडे वाळत घातलेले होते. या भागातल्या महादेव कोळी समाजाचं हे उन्हाळ्यातलं मोठं काम. कोवळा बाळहिरडा झाडावरून उतरवायचा, वाळवायचा आणि विकायचा. औषधासाठी त्याला मागणी असते. मावशींची सासू, सत्तरीच्या घरातली, हिरडे हातानं परतत होती. बँकवाल्यानं किलोचा भाव विचारला, उत्पन्नाचा अंदाज काढला आणि म्हणाला, "आजी, मुदत ठेव करा." आजी म्हणाल्या, "बाबा, पावसाळ्यात खायाला हेच ठेवाचं." बँकवाला गप्प झाला. निवृत्तीनंतर त्याला कुणी एका वाक्यात बंद केल्याचं मी प्रथमच पाहिलं.

मग मावशींनी अगदी नम्रपणे सांगितलं, "बाबा, आंघोळीला एकेक बादली."

आम्ही खाली पाहिलं. समोर नजर पोचेल तिथपर्यंत पाणी. आम्ही वर पाहिलं. दारात नळ होता, चकचकीत. वकिलानं चाचरत विचारलं, "मावशी, या नळाला पाणी कधी येतं?"

"पावसाळ्यात," मावशी म्हणाल्या.

"आणि हे एवढं तळं?"

"तळं सरकारचं, बाबा. विहीर आमची."

विहीर खाली उतारावर, पाऊण तासाची जा-ये. तळं त्याहून खाली. शिवाय उन्हाळ्यात तळ्याचं पाणी उतरत जातं, काठ लांब पळतो आणि मध्ये उरतो नुसता गाळ. त्यामुळे पाणी डोळ्यांसमोर, पण हंड्यात यायला डोंगर उतरून चढावा लागतो.

संध्याकाळी तळ्याकाठी गेलो. सूर्य रतनगडामागे चालला होता. पाण्यावर तांबूस रंग, पलीकडे कळसूबाईची रांग. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. कुठूनतरी कोकीळ ओरडत होता, आणि एक तांबट एकसुरी टुक टुक करत होता, जणू लांब कुठे भांड्यांना ठोके पडताहेत. अशा वेळी माणसानं गप्प बसावं. पण आमच्यात इंजिनिअर होता.

त्यानं सांगायला सुरुवात केली. धरणाचं काम सुरू झालं १९१० साली, पुरं झालं १९२६ साली. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून हे विल्सन डॅम. दगडी बांधकाम, उंची सुमारे २७० फूट. त्या काळात अशा दुर्गम जागी हे उभं करायचं म्हणजे खायचं काम नव्हतं. साठा अकरा टीएमसी. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. इथलं पाणी प्रवरेतून खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतात. पूर्वी दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा तो मुलूख या पाण्यानं उसाचा झाला. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला सहकारी साखर कारखाना काढला तो याच पाण्याच्या भरवशावर.

"म्हणजे," प्राध्यापक वकिलाकडे पाहून म्हणाला, "तुझा मधुमेह इथून सुरू होतो."

बँकवाल्यानं तेवढ्यात मोबाइलवर हिशेब केला. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २,८३० कोटी लिटर. अकरा टीएमसी म्हणजे ३१ हजार कोटी लिटरच्या वर. भारताची लोकसंख्या १४० कोटी धरली, तर तळं काठोकाठ भरलेलं असताना देशातल्या प्रत्येक माणसाला पंधरा लिटरच्या जवळजवळ पंधरा बादल्या येतात.

"माननीय सचिवांना विचार," वकील समोर पाहत म्हणाला, "त्यातल्या चौथ्या मजल्याला किती?"

प्राध्यापकानं प्रश्न पोहोचवला नाही. कोकिळेनंही क्षणभर थांबणं पसंत केलं, असं मला वाटलं.

इंजिनिअरनं शहाणपणानं विषय लांबवला. पाण्याचं भांडण काही सोसायटीतलं नवं नाही, म्हणाला. वरच्याला वाटतं, माझ्या दारातून जातं ते माझं. खालच्याला वाटतं, वरच्यानं अडवलं. ही प्रवरा पुढे नेवाशाजवळ गोदावरीला मिळते, गोदावरी पुढे पैठणला जायकवाडीत. दुष्काळात वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात केवढा वाद झाला, आठवा. इथे वकिलाला राहवेना. २००५ सालचा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, त्यातलं समन्यायी वाटपाचं कलम, २०१४ चा पाणी सोडण्याचा आदेश, २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल, असं सगळं त्यानं अर्धा तास सांगितलं. आणि बँकवाला, पाठ फिरवून बसलेला, लक्षपूर्वक ऐकत होता. मला ते त्याच्या कानावरून कळलं.

रात्री नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. चांदणं असं पडलं होतं की तळं जरा वर आल्यासारखं दिसत होतं. वकील आणि बँकवाला अंगणाच्या दोन टोकांना झोपले. मधोमध हिरडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावेनं रतनवाडीला निघालो. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला ही वाडी, तिथे अमृतेश्वराचं कोरीव काळ्या दगडाचं प्राचीन देऊळ. वकील नावेच्या पुढच्या टोकाला जाऊन बसला, बँकवाला मागच्या. नावाड्यानं दोघांकडे नीट पाहिलं. "बाबा, तुम्ही दोघं वजनदार. टोकाला चालायचं नाही. मधे बसा, शेजारी शेजारी."

"आम्ही?" वकिलानं विचारलं.

"नाव कलंडंल."

हे अपील चालण्यासारखं नव्हतं. सव्वादोन वर्षांनी दोघं एका फळीवर बसले. एकानं डावीकडचा किनारा पाहिला, दुसऱ्यानं उजवीकडचा. नाव मात्र छान सरळ चालली.

वाटेत इंजिनिअरनं मागे वळून धरणाकडे बोट दाखवलं आणि आणखी एक गोष्ट सांगितली. १९६९ साली या धरणाला तडे गेले होते. तेव्हा साठा कमी ठेवावा लागला. पण म्हणून कुणी धरण पाडलं नाही. खालच्या बाजूनं भक्कम टेकू बांधून ते मजबूत केलं, आणि आज शंभरीला टेकलेलं धरण उभं आहे.

"कुणाला उद्देशून?" बँकवाल्यानं विचारलं.

"धरणाला," इंजिनिअर म्हणाला.

रतनवाडी जवळ आली, पण पाणी तिथपर्यंत नव्हतं. कालव्यांना आवर्तन सुरू असल्यानं तळं बरंच उतरलं होतं. नाव गाळात रुतली. पुढे शंभरेक पावलं चिखल. नावाडी सवयीनं उतरला आणि चालू लागला. आम्ही पाच ज्येष्ठ नागरिक, पायजमे-पँटी गुडघ्यापर्यंत वर करून, चपला हातात धरून निघालो. लांबून एखाद्या संप्रदायाची दिंडी वाटली असेल. मध्येच वकिलाचा पाय आत गेला तो गुडघ्यापर्यंत. दुसरा पाय टाकला, तोही गेला. मग त्यानं काही वेळ विचार केला आणि तिथेच बसला. म्हणजे बसला असं तो म्हणतो.

सर्वांत जवळ बँकवाला होता. त्यानं हात पुढे केला. वकिलानं हाताकडे पाहिलं. चिखलात कंबरेपर्यंत बसलेल्या माणसापुढे फारसे पर्याय नसतात, पण वकील माणूस, त्यानं तेही तपासले. मग हात धरला. बँकवाल्यानं ओढला. एक शब्द नाही. उभा राहिल्यावर वकील प्राध्यापकाला म्हणाला, "सचिवांना आभार कळव."

अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं. काय ते कोरीव काम! शेजारची पुष्करणी, तिच्या कडेचे कोनाडे, आतल्या मूर्ती. थंडगार दगडावर तासभर बसलो. इतक्या शतकांत कितीजण इथे भांडणं घेऊन आले असतील आणि तशीच परत घेऊन गेले असतील, असं प्राध्यापक म्हणाला. त्याच्या बोलण्याकडे सहसा आम्ही लक्ष देत नाही, पण हे चांगलं बोलला.

परत आलो तेव्हा दुपार टळली होती. तळ्यात पाय धुतले, पण वकिलाच्या अंगावर कंबरेपर्यंत गाळ वाळून त्याचं निम्मं शिल्प झालं होतं. सकाळची बादली संपलेली. मावशींकडे दुसरी मागायची कुणाची हिंमत होईना, कारण आजी डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढत येताना आम्ही नुकतंच पाहिलं होतं. सत्तरीची बाई. वाटेत थांबत नव्हती, कारण थांबलं की हंडे उतरवावे लागतात.

बँकवाला उठला. त्यानं दोन कळशा, एक बादली घेतली आणि कुणाकडे न पाहता म्हणाला, "विहिरीवर चला."

आम्ही गेलो. विहिरीवर सात-आठ बाया होत्या. पाच पुरुष बादल्या घेऊन आलेले पाहून त्यांना जी करमणूक झाली, ती नारायणगावच्या एकाही राहुटीत झाली नसती. त्यांच्यात पाळी लागलेली होती. आम्ही शेवटी उभे राहिलो. पण पाहतो तर आमच्या आधी आलेली एक मुलगी मागेच उभी आणि नंतर आलेली एक म्हातारी पुढे जाऊन पाणी शेंदतेय. सचिवाच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. त्यानं विचारलं, "अहो, नंबर चुकला."

एक बाई हसून म्हणाली, "नाही चुकला, बाबा. तिचं घर पार वर, शेवटाला. तिला चढ जास्ती. लांबच्याचं आधी, जवळच्याचं मागनं. जवळच्याला काय, कवाबी येता येतं."

इंजिनिअर एकदम म्हणाला, "अरे, हाच तर आमचा नियम! कालव्याचं आवर्तन शेवटाकडून सुरू करायचं. शेपटाला आधी, तोंडाला नंतर. तोंडाकडच्यानं आधी घेतलं तर शेपटापर्यंत काही पोचतच नाही. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, पाळलं जात नाही एवढंच. या बायकांनी पुस्तक न वाचता पाळलंय."

बँकवाला काही बोलला नाही. आमची पाळी आली. त्यानं पोहरा सोडला, ओढला. वकील कळशी धरून उभा. पोहरा कळशीत ओततानाच वकिलाची कळशी कलली आणि निम्मं पाणी खडकावर.

"अरे, सरळ धर ना लेका!" बँकवाला ओरडला.

"तू नीट ओत ना! इथेही दाब कमीच तुझा!" वकील ओरडला.

आणि दोघंही थांबले. सव्वादोन वर्षांनंतरची ही पहिली थेट वाक्यं. मध्ये प्राध्यापक नाही, पोस्टमन नाही. विहिरीवरच्या बाया हसायला लागल्या, मग आम्ही तिघं, आणि शेवटी ते दोघं. वकील इतका हसला की त्याच्या अंगावरच्या गाळाला भेगा पडल्या.

चढ चढताना दोघं पुढे होते. कळशी एकाच्या खांद्यावर, मग दुसऱ्याच्या. दर वीस पावलांवर थांबायचे आणि भांडायचे. भांडण पाण्याचंच होतं, टाकी कधी साफ झाली, व्हॉल्व्ह कुणी बदलला, नोटिशीत "हेतुपुरस्सर" हा शब्द घालायची गरज होती का. मी मागून ऐकत होतो. मुद्दे नोटिशीतलेच होते, फक्त आता "माननीय" जाऊन तिथे "गाढवा" आलं होतं, आणि त्यामुळे सगळं समजण्यासारखं झालं होतं. वाडीपर्यंत कळशीत पाऊण पाणी उरलं. त्यात वकिलानं आंघोळ केली. चौथ्या मजल्यावर राहिलेल्या माणसाला कमी पाण्यात आंघोळ करायची सवय असते, असं तो म्हणाला, आणि बँकवाल्यानं ते ऐकून घेतलं.

निघताना बँकवाल्यानं मावशींना ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. बँकवाल्यानं! प्राध्यापकानं हे डायरीत नोंदवून ठेवलं आहे. आजींकडून आम्ही प्रत्येकी किलोभर हिरडे घेतले. आमच्या बायका ते अजून विचारताहेत, याचं करायचं काय.

परत आल्यावर काय झालं, ते सांगतो. त्या सोसायटीत आता सकाळी पहिली वीस मिनिटं खालच्या तीन मजल्यांचे व्हॉल्व्ह बंद असतात. आधी चौथा मजला भरतो, मग तिसरा, असं खाली येत येत शेवटी पहिला. एकूण वेळ तासच आहे, पाणी तेवढंच आहे. सर्वसाधारण सभेत ठराव मांडला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदानं आक्षेप घेतला. त्यावर ठरावाच्या बाजूनं पंचवीस मिनिटं बोलला तो वकील, आणि टाळ्या वाजवल्या त्या सचिवानं.

श्रोतेहो, सगळीच भांडणं अशी मिटत नाहीत. मावशींच्या दारातला नळ अजून पावसाळ्याचीच वाट पाहत असेल. तळ्याच्या वर राहणाऱ्यांना तळ्याचं पाणी मिळत नाही, हा प्रश्न एका विहिरीवरच्या नियमानं सुटणारा नाही. तो सोडवायचं काम ज्यांचं आहे, त्यांनी ते करायला हवं. पण आपण पाहुणे म्हणून जातो तेव्हा आपल्या हातात एक गोष्ट असते. तुम्ही चैत्र-वैशाखात डोंगरातल्या कुठल्याही वाडीत राहायला गेलात, तर पहिल्यांदा विचारा, पाणी कुठून आणता? आणि शक्य असेल तर एकदा त्यांच्याबरोबर विहिरीवर जा. तळ्याचे फोटो नंतर काढता येतात, तळं कुठे जात नाही. सोबत एखादा न बोलणारा मित्र असेल, तर कळशी त्याच्या हातात द्या, आणि ओतताना हात थोडा हलू द्या.